सॉलोमन अंकलचा नळ

मी नागपूरला जाणार हे ठरल्यावर आईने माझ्या बॅगेत सीलबंद पाण्याच्या सहा बाटल्या भरल्या. नागपूर मोठं शहर आहे, तिथे दुकानं असतात, असं मी सांगून पाहिलं. "दुकानं असतील. पोट तुझंच आहे ना?" आई म्हणाली. कॉलेजच्या सहलीत मला कावीळ झाली होती. त्याला पाच वर्षं झाली, पण आमच्या घरात ती अजून ताजी आहे. बाहेरचं पाणी प्यायचं नाही, कोणाच्या घरचंही नाही, बर्फ नाही, आणि उसाचा रस तर मनातसुद्धा आणायचा नाही.

बाटल्यांच्या खाली, आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेली एक पितळी पाटी होती. खरं तर तिच्यासाठीच मी निघाले होते.

पाटी फ्लोरा आंटींची. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. ठाण्याच्या आमच्या सिनेगॉगमध्ये (आमचं प्रार्थनास्थळ) बायकांचं एक मंडळ आहे, आणि फ्लोरा आंटी म्हणजेच ते मंडळ. त्यांचे यजमान, सॉलोमन अंकल, नोकरीची बहुतेक वर्षं नागपूरला रेल्वेत होते. एका मे महिन्यात ते यार्डात ऊन लागून कोसळले. त्यांच्या हाताखालच्या फिटरने त्यांना सायकलरिक्षात घालून आपल्या घरी नेलं, आणि त्या फिटरच्या बायकोने, पंचफुलाबाईंनी, घरात दिवसभरासाठी भरून ठेवलेलं सगळं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं. अंकल वाचले. त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही, हे त्यांना फार नंतर कळलं आणि ते त्यांनी आयुष्यभर मनाला लावून घेतलं. ते गेल्यावर आंटींनी मंडळातर्फे पंचफुलाबाईंच्या गल्लीत एक सार्वजनिक नळ बांधवून घेतला. त्याला दोन वर्षं झाली. आता शावुओथ या सुगीच्या सणानिमित्त सिनेगॉगमध्ये कार्यक्रम होता आणि त्या नळातून पाणी पडतानाचा व्हिडिओ आंटींना पडद्यावर दाखवायचा होता. मी जायचं, पाटी लावायची, व्हिडिओ काढायचा, परत यायचं. मंडळात सगळ्यात लहान, बिनलग्नाची आणि नाही म्हणता न येणारी मीच होते.

"फार बोलावं लागणार नाही तुला," आंटी म्हणाल्या. "नळ काही बोलत नाही."

गाडी सकाळी नागपूरला पोचली. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं तेव्हा वाटलं, आपण चुकून कोणाच्या तरी स्कूटरच्या सायलेन्सरसमोर उभ्या आहोत. म्हणून मी चार पावलं बाजूला झाले. तिथेही तसंच होतं. रिक्षावाल्याने डोकं, कान, नाक सगळं दुपट्ट्यात (पंच्यासारखं पांढरं सुती कापड) गुंडाळलं होतं, फक्त डोळे बाहेर.

"पयल्यांदाच आल्या का मॅडम?"

"हो."

"मे महिन्यात?"

"हो."

"कोनं पाठवलं तुमाले?"

सिनेगॉग, मंडळ, शावुओथ हे सगळं समजावण्यापेक्षा मी "आंटींनी" एवढंच म्हटलं.

त्याने माझी बॅग आत ठेवली. मग म्हणाला, "काई भांडन झालं होतं का त्याईच्याशी?"

सदरमधल्या लॉजवर माझी खोली म्हणजे मुख्यतः एक कुलर होता. उरलेल्या जागेत पलंग. कुलर खिडकीत बसवलेला, कपाटाएवढा, त्याच्या तिन्ही बाजूंना गवताच्या ओल्या ताट्या. मॅनेजरने तो नवीन जावई दाखवावा तसा मला दाखवला. दिवसातून तीनदा एक माणूस बादल्या घेऊन यायचा आणि कुलरच्या पोटात पाणी ओतायचा. मी पलंगावर बसून मोजलं: एका वेळेला सात बादल्या. मी माझी बाटली घोटाघोटाने पुरवून पीत होते आणि माझ्या डोक्याशी हे यंत्र हत्तीसारखं पीत होतं.

लहानपणी फ्लोरा आंटी आम्हा मुलांचा रविवारचा वर्ग घ्यायच्या. त्यात त्यांनी आमच्या जुन्या धर्मपंडितांचा एक वाद सांगितला होता. एका गावाचा झरा आहे. त्याच पाण्यावर शेजारच्या गावाची तहान भागते. मग आधी काय, आपल्या गावाचे कपडे धुणं की त्यांचं पिणं? बहुतेक पंडित म्हणाले, त्यांचं पिणं. एक पंडित मात्र म्हणाला, आपले कपडे. आम्ही मुलं त्याच्यावर खूप हसलो होतो. कुलरबद्दल पंडितांनी काही ठरवून ठेवलेलं नाही. मी कुलर बंद केला, अकरा मिनिटं तत्त्वाने बसले, आणि पुन्हा चालू केला.

कोपऱ्यावर तर्री पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा) खाल्ले. बाटली खोलीवर विसरले होते. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. पोहेवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी मान हलवून नको म्हटलं आणि रडत खात राहिले. तो ग्लास मागे घेईना. शेवटी हलक्या आवाजात म्हणाला, "गावाकडे काई झालं का बाई?" मी नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने पैसे मात्र घेतले.

ऊन उतरल्यावर जरीपटक्याच्या बाजारातून पुढे, दुकानं विरळ होत जातात तिकडे, पंचफुलाबाईंची गल्ली शोधत गेले. शोधावं लागलं नाही. गल्लीत एकच गोष्ट चकचकीत होती: निळ्या टाइल्सचा ओटा, त्यावर सिमेंटचा खांब, खांबाला स्टीलची तोटी. तोटीला बकरी बांधली होती. तिच्या खाली ओटा कोरडा ठणठणीत होता. दोन्ही बाजूंच्या दारांसमोर रिकामे ड्रम ओळीने उभे होते.

पंचफुलाबाई सत्तरीच्या असतील. बारीक, ताठ, पांढरी साडी. घरात भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आणि शेजारी बुद्ध. मला पाहायला गल्लीतल्या दोघी-तिघी दारात येऊन टेकल्या.

"ये वं पोरी, बस. लय तापली दिसतं."

आतून ताटलीत स्टीलचा ग्लास आला, बाजूला गुळाचा खडा. पाणी काठोकाठ होतं. आणि मी, ठाण्याहून इतक्या लांब आलेली, म्हणाले, "नको, माझ्याकडे आहे," आणि बाटली वर करून दाखवली.

दारातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं माझ्या बोलण्यात काही चुकलं. मग कळलं, काय चुकलं ते.

"काहून?" पंचफुलाबाईंनी विचारलं. "आमच्या घरचं पानी चालत नाई का तुमाले?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आत्ता 'तू' होते, तेवढ्यात 'तुम्ही' झाले होते. मी कावीळ सांगितली, कॉलेजची सहल सांगितली, आई सांगितली. सगळं खरं होतं आणि ऐकताना मलाच खोटं वाटत होतं.

"आई कुठं आहे तुई?"

"ठाण्याला."

"मंग तिले इथलं दिसून राहिलं का?"

बायका हसल्या. बाईंनी ग्लास उचलला आणि एक थेंब न सांडता परत गुंडात (पाण्याचा मोठा पितळी हंडा) ओतला. फेकला नाही. ते मी पाहिलं.

मग चौकशी सुरू झाली. ज्यू म्हणजे कोण?

"बेने इस्राएल. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे."

"तेली आहे तं सिद्धं तेली सांग ना. इथं अर्धं नागपूर तेली आहे."

"तसे नाही. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली."

"आन बाकीच्या दिवशी?"

"आता सगळेच दिवस बंद आहे. बाबा बँकेत आहेत."

हे त्यांना पटलं. कोकणात कुठल्या, असं विचारल्यावर मी रोह्याजवळचं आमचं मूळ गाव सांगितलं आणि पंचफुलाबाई एकदम सरसावून बसल्या.

"म्हनजे महाडच्या अंगाले."

"हो, फार लांब नाही."

"पाहा वं, महाडच्या तळ्याकडची पोरगी आहे," त्यांनी दारात जाहीर केलं. ज्यू असण्याने जे झालं नव्हतं ते याने झालं. बायका आत येऊन बसल्या. मग बाईंनी अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं, विचारलं, "तुमच्या लोकाईले त्या तळ्याचं पानी भरू देत होते का, तवा?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. मला अंदाज होता.

त्यांनी मान हलवली आणि विषय नळावर आणला. ऐकावं ते नवलच होतं. पाण्याच्या ऑफिसचा मोठा पाइप दोन गल्ल्या अलीकडे येऊन थांबला होता. पुढे सरकेल, तुम्ही नळ बांधून ठेवा, असं ठेकेदार म्हणाला होता. नळ बांधला. पाइप सरकला नाही. दोन वर्षांत त्या तोटीतून एक थेंब आला नव्हता. पण पाण्याच्या ऑफिसच्या वहीत 'या गल्लीत नळ आहे' अशी नोंद झाली आणि ज्या गल्लीत नळ आहे तिथे टँकर येत नाही. पूर्वी दिवसाआड येणारा टँकर बंद झाला. आता बायका रस्त्यापलीकडच्या सोसायटीच्या चौकीदाराच्या हातापाया पडून पाणी आणत होत्या, तेही त्याच्या मूडवर.

म्हणजे आमच्या देणगीने त्यांचं पाणी तोडलं होतं.

"तुम्ही आंटींना कळवलं का नाही?"

"कसं कळवू वं? थ्या फोनवर पाहा दर खेपेले इचारतात, पंचफुला, नळ कसा आहे? आता इधवा बाईले सांगू का, का तुया नवऱ्याच्या नावाचा नळ कोरडा आहे? मी म्हनतो, मस्त आहे." त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं. "मस्तच आहे ना. पाह्य ना कसा चमकून राहिला."

दुसऱ्या दिवशी मात्र सोक्षमोक्ष होणार होता. पाण्याच्या ऑफिसातले गावंडे साहेब बारा वाजता पाहणीला यायचे होते. महिनोन्महिने खेटे घालून ही पाहणी मिळाली होती. त्यांनी नळ कोरडा पाहिला, तसं लिहिलं, की टँकर सुरू.

"मग व्हिडिओचं राहू द्या," असं मी म्हणायला हवं होतं. एवढे चारच शब्द. पण बाई म्हणाल्या, "तुया व्हिडिओचंबी होते. तू अकराले ये. बारा वाजेपर्यंत सारं कोरडं करून टाकू," आणि मला वाद घालायला नको वाटला. मी म्हणाले, "बरं."

सकाळी अकराला पोचले, उरलेल्या चार बाटल्या आणि पाटी घेऊन. बकरी सोडलेली होती. तोटीला झेंडूची माळ होती. पंचफुलाबाईंच्या टिनाच्या छपरावर एक ड्रम चढवला होता, त्यातून रबरी नळी खांबाच्या मागून आत गेली होती, आणि छपरावर एक बाई दुपट्टा गुंडाळून पहाऱ्याला बसली होती. गल्लीत चौदा घरं. प्रत्येक घराने आपल्या पिण्याच्या पाण्यातला एक गुंड त्या ड्रममध्ये ओतला होता. पाहुणी कोरडा व्हिडिओ घेऊन जाऊ नये म्हणून.

मी फोन धरला. बाईंनी तोटी फिरवली. पाणी धो धो आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याच घरातलं पाणी आपल्याच गल्लीत पडताना पाहून त्यांना खरंच आनंद झाला होता. मला हात धुवायला लावले. आमच्यात भाकरीआधी हातावर पाणी घेऊन एक आशीर्वाद म्हणतात, तो सवयीने ओठांवर आला. पाणी चहा टाकण्याइतकं गरम होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "वा! नळ तं चालू आहे की."

गावंडे साहेब पन्नास मिनिटं लवकर आले होते. त्या ऑफिसच्या इतिहासात असं कधी घडलं नसावं. त्यांनी स्कूटर लावली, दुपट्टा सोडला, आणि कोणी काही बोलायच्या आत तोटीखाली तोंड धुतलं. मान भिजवली. दोन ओंजळी प्यायले. मग खिशातून पेन काढलं.

"साहेब, थे नळाचं पानी नाई," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"मंग काय आहे?"

"आमच्या घरचं आहे. आमी टाकलं."

"नळात?"

"पाहुनीसाठी."

"पाहुनीले पानी पाजतात बाई. नळाले नाई पाजत."

"तिले आमचं चालत नाई ना," मागून एक जण म्हणाली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. व्हिडिओ चालूच होता.

साहेब माणूस वाईट नव्हते. डोळ्यांना दिसतं ते मी लिहितो, एवढंच त्यांचं म्हणणं. तुमचंच पाणी असेल तर ते संपेल. संपू द्या, मी बसतो. पण तोटी नुसती सोडून द्यायला त्यांनी मनाई केली, कारण पाण्याची नासाडी त्यांच्या खात्याला चालत नव्हती. म्हणून मग ज्या चौदा घरांनी सकाळी गुंड ओतले होते त्याच चौदा घरांनी रांग लावून ते परत भरून न्यायला सुरुवात केली. साहेब कडुलिंबाखाली खुर्चीवर बसले. छपरावरची बाई खाली ओरडून सांगे, "अर्धा झाला," "बुडाले लागला." रांगेत भांडण झालं; एकीचा गुंड सकाळी गळ्यापर्यंत होता आणि आता खांद्यापर्यंतच भरला, असं तिचं म्हणणं होतं. साहेब मला म्हणाले, "मॅडम, शूटिंग चालू ठेवा. पुरावा राहते."

शेवटचा गुंड पंचफुलाबाईंचा. तो अर्धा भरला आणि तोटी खोकली. उरलेला अर्धा माझ्या हातांवर आणि साहेबांच्या मानेवर गेला होता.

"आता पाच मिनिटं कोरडा दिसला पाहिजे," साहेब म्हणाले. आम्ही सगळे पाच मिनिटं नळाकडे पाहत उभे राहिलो. मी फोन धरून. हात दुखला. चार मिनिटांनी बकरी आली, तिने तोटी चाटून पाहिली आणि निघून गेली.

"बरोबर आहे. कोरडा आहे," साहेब म्हणाले आणि फॉर्म काढला. फॉर्मवर दोनच चौकटी होत्या. नळ चालू. नळ नादुरुस्त. चालू लिहिता येत नव्हतं. नादुरुस्त लिहिलं तर दुरुस्तीची माणसं येतील, त्यांना तोटीत काही बिघाड सापडणार नाही, आणि ती चालू लिहून जातील. असं आधी एकदा होऊन गेलं होतं.

"मंग टँकर?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"टँकर नळ नसलेल्या गल्लीले. नळ आहे का नाई, एवढा माया टेबलचा प्रश्न. त्यातून काय येते, तो दुसऱ्या टेबलचा."

"तं मंग नळ नाई म्हनून लिवा."

"डोळ्यासमोर आहे ना बाई. तोटी आहे. तोटी नसती तं मी खांब म्हनून लिवलं असतं."

छपरावरची बाई वरूनच म्हणाली, "काढून टाका मंग तोटी." साहेबांनी मान हलवली. सार्वजनिक मालमत्ता. काढली तर गुन्हा. दात्याने स्वतः अर्ज करून परत घेतली तर त्यांची हरकत नव्हती.

दाता म्हणजे फ्लोरा आंटी, आणि फ्लोरा आंटींची म्हणून मी उभी होते, हातात त्यांच्या नवऱ्याच्या नावाची पाटी. पंचफुलाबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या आपल्या अर्ध्या गुंडाकडे पाहत होत्या.

मी बाजूला जाऊन आंटींना फोन लावला. "मिळाला का व्हिडिओ?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"आंटी," मी म्हणाले, "या नळाला कधीच पाणी आलेलं नाही." आणि मग सगळं सांगितलं, टँकरचंही. एका दमात एवढं मी घरातसुद्धा कधी बोलले नव्हते.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पंचफुला मला मस्त आहे म्हणायची," आंटी म्हणाल्या.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

मग रेल्वेच्या माणसाच्या बायकोने विचारलं, "पाना आहे का तिथे?"

पाना साहेबांच्या स्कूटरच्या डिकीत निघाला. अर्ज मी फॉर्मच्या पाठीमागे लिहिला, दात्यातर्फे. मी आयुष्यात पाना धरलेला नव्हता. जोर लावला, तोटी आणखी घट्ट बसली.

"उलटा वं," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि माझ्या हातावर हात ठेवून फिरवला. तोटी निघाली, झेंडूच्या माळेसकट. खांबाला एक भोक राहिलं. साहेबांनी वाकून भोकात पाहिलं आणि लिहिलं: या गल्लीत नळ नाही. बायकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, पहिल्यापेक्षा जोरात.

साहेब गेल्यावर मी माझ्या चार बाटल्यांची सीलं तोडली आणि त्या पंचफुलाबाईंच्या गुंडात ओतल्या. गुंड भरला नाही, पण अर्ध्याच्या वर गेला. बाईंनी स्टीलचा ग्लास त्यात बुडवला, काठोकाठ भरला, ताटलीत ठेवला, गुळाचा खडा ठेवला आणि माझ्यापुढे धरला. मी सगळा प्यायले. त्यात माझं किती आणि त्यांचं किती, ते आता कोणाला सांगता आलं नसतं. आईला मी अजून सांगितलेलं नाही.

"पाटी ठेवून जा," बाई म्हणाल्या. "पाइप आला का लावतो. तवर घरात राहील, बुद्धाजवळ."

परतीच्या गाडीत टॉवेलात पाटीऐवजी तोटी होती. चौथ्या दिवशी पंचफुलाबाईंचा फोन आला: टँकर आला, दिवसाआड ठरला, पहिल्या दिवशी भांडणंही झाली, म्हणजे सगळं ठीक आहे.

एका संध्याकाळी मी बाबांना विचारलं, आपल्या लोकांना त्या काळी गावच्या तळ्यांवर पाणी भरू द्यायचे का. बाबांनी विचार केला. "कोणी अडवल्याचं तर ऐकलं नाही. म्हणजे भरत असणार."

"आणि ज्यांना अडवायचे, ते आपल्याला दिसत नव्हते?"

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली. "आपण आपलं भरून घरी येत असू," ते म्हणाले. लहानपणी ज्या एका पंडितावर आम्ही हसलो होतो, तो मला फार लांबचा वाटेनासा झाला.

शावुओथचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. टेबलावर, हात धुवायच्या दोन कानांच्या भांड्याशेजारी, तोटी ठेवली होती. व्हिडिओचा कोणता भाग दाखवायचा ते फ्लोरा आंटींनी निवडलं होतं. धो धो पाण्याचा, टाळ्यांचा भाग त्यांनी काढून टाकायला लावला. दिवे मालवले आणि पडद्यावर कोरडी तोटी आली. पाच मिनिटं. काहीच घडत नव्हतं. लोक आधी सरसावून बसले, मग खुर्च्या वाजल्या, मग कोणी तरी खोकलं. चौथ्या मिनिटाला बकरी आली तेव्हा एक-दोघं हसले आणि गप्प झाले.

शेवटी मागच्या रांगेतून कोणी तरी वैतागून विचारलं, "अहो, पाणी कधी येणार?"

फ्लोरा आंटींनी मागे वळून पाहिलं नाही.

"तेच विचारणारा अर्ज दारापाशी ठेवलाय," त्या म्हणाल्या. "दोन गल्ल्यांचा पाइप आहे. जाताना सगळ्यांनी सही करून जा."